धानोऱ्याच्या बाजारातल्या आजींचं जडीबुटीचं दुकान

पावशेर कुड्याची साल, दोन ओंजळी हिरडे, गुळवेलीच्या पाच कांड्या आणि पुडीभर तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या, बिया. सगळं मिळून १६० रुपये. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याच्या आठवडी बाजारात भाजीच्या रांगा संपून जिथे मडकी आणि खराटे सुरू होतात, तिथे चिचेच्या झाडाखाली एक आजी पोतं अंथरून बसतात. गेली सहा वर्षं मी त्यांच्याकडून वनौषधी आणते आहे आणि या दुकानाबद्दल सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. दुकानाला पाटी नाही, नाव नाही. ‘जडीबुटीवाली आजी’ म्हटलं की बाजारात कुणीही बोट दाखवतं.

मी गडचिरोलीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. एम.एस्सी. नागपूरला केली, सूक्ष्मजीवशास्त्रात. माहेर आरमोरीकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. या साली-पाल्यांतल्या बऱ्याचशा मी लहानपणी काढ्यात प्यायले आणि पुढे प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतूंसमोर ठेवून पाहिल्या. म्हणून या दुकानातून काय घ्यावं हे जितक्या खात्रीनं सांगेन तितक्याच खात्रीनं काय घेऊ नये तेही सांगेन.

पहिल्या खेपेला मी कुड्याची साल घ्यायला गेले होते. आजींपुढे सालीचे दोन ढीग होते. एक जाड, खडबडीत, मळकट तपकिरी. दुसरा जरा गुळगुळीत, दिसायला नीटनेटका. मी नीटनेटक्या ढिगाला हात घातला.

“तो नोको घेऊ बाई. तो कारा कुडा होय. तुले पोटासाठी पायजे ना?”

मी हो म्हटलं. त्यांनी दोन्ही ढिगांतून नखाएवढा तुकडा मोडून माझ्या तळहातावर ठेवला. “चावून पाय. डोऱ्याले नाही उमजत, जिभेले उमजते.”

आधी काळ्या कुड्याचा तुकडा चावला. लाकूड चघळल्यासारखं लागलं, किंचित कडवट, थोडं तुरट. चूळ भरून दुसरा तुकडा दाढेखाली धरला. पहिले काही क्षण काहीच कळलं नाही. मग जिभेच्या मुळाशी कडूपणा फुटला आणि सरळ घशात उतरला. बाजार फिरून झाला, चहा झाला, परतीच्या एसटीत बसले तरी तोंड कडूच होतं.

हा कडूपणा पांढऱ्या कुड्यातल्या अल्कलॉइड द्रव्यांचा. त्यातलं मुख्य कोनेसीन. पांढरा आणि काळा कुडा एकाच कुळातले. दोघांची पानं समोरासमोर, फुलं पांढरी, फांदी मोडली की चीक आणि शेंगा जोडीनं लोंबणाऱ्या. साल वाळली की भलेभले फसतात. पोटाच्या दुखण्यासाठी मान आहे तो पांढऱ्याला. काळा कुडा आजी अंगाच्या खाजेसाठी तेलात टाकायला देतात, आणि दोन ढिगांच्या मध्ये विटेचा तुकडा आडवा ठेवतात.

याच्या आधी मी शहरातल्या एका दुकानातून कुड्याच्या सालीचं तयार चूर्ण आणलं होतं. दुकानाचं नाव घेत नाही. धानोऱ्याहून आले त्या रात्री ते चिमूटभर जिभेवर ठेवलं. जवळजवळ पिठासारखं लागलं. त्यात काळा कुडा होता, जुनी साल होती की आणखी काही, हे चूर्ण पाहून सांगता येत नाही, आणि माझी तक्रार तीच आहे. कुटलेल्या वस्तूला चेहरा राहत नाही. तेव्हापासून मी अख्खी साल, अख्खं फळ, अख्खी कांडी घेते आणि घरी कुटते. आजींकडेही दोन-तीन चूर्णं असतात. ती मी कधी घेतली नाहीत आणि तुम्हालाही घ्या म्हणणार नाही.

आधुनिक वैद्यकानं कोनेसीन अमीबाच्या हगवणीवर वापरून पाहिलं होतं. पण त्यानं झोप उडणं, जीव घाबराघुबरा होणं असे मेंदूवरचे त्रास व्हायचे. पुढे जास्त सुरक्षित औषधं आली आणि ते मागे पडलं. जे द्रव्य जंतूला लागतं ते आपल्यालाही लागू शकतं, ही गोष्ट आजींना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक आहे. साल देण्याआधी त्या विचारतात: कोणासाठी? किती दिवसांपासून? रक्त पडते का? ताप आहे का? बाई दोन जिवांची तर नाही ना? मागच्या पावसाळ्यात माझ्यासमोर एक तरुण बाप साल मागायला आला. लेकरू दीड वर्षाचं, सकाळपासून सहा वेळा हगवण. आजींनी साल दिली नाही. “लेकराले हे नाही चालत. पाकिटातलं मीठ-साखरेचं पानी पाज घोट घोट, अन् आत्ताच दवाखान्यात ने.” हातातलं गिऱ्हाईक त्यांनी परत पाठवलं. या एका गोष्टीसाठी मी हे दुकान दहा जणांना सांगितलं आहे.

आता काचेच्या बशीची गोष्ट. एम.एस्सी.ला माझ्या प्रकल्पात हिरडा, पांढरा कुडा, कडुनिंब आणि गुळवेल होते. पद्धत सोपी. आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, थरावर जंतू पसरायचे, औषधात भिजवलेली सहा मिलिमीटरची कागदी चकती वर ठेवायची आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी जंतूंची साय पसरलेली असते. चकतीत काही दम असेल तर तिच्याभोवती स्वच्छ, पारदर्शक कडं दिसतं. एका बशीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस होता, म्हणजे गळवं-फोडांतला जंतू; दुसऱ्या बशीत ई. कोलाय, म्हणजे पोटातला जंतू.

पहिल्या सकाळी माझ्या सगळ्याच चकत्यांभोवती कडी होती. मी धावत बशा घेऊन सरांकडे गेले. त्यांनी एक बशी उजेडापुढे धरली आणि एवढंच विचारलं, “नुसत्या अल्कोहोलची चकती कुठाय?”

ती मी ठेवलीच नव्हती. अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला, चकत्या नीट सुकवलेल्या नाहीत, आणि अल्कोहोल स्वतःच जंतू मारतं. सगळं पुन्हा केलं; या वेळी चकत्या पूर्ण सुकवल्या आणि कोऱ्या अल्कोहोलची चकती शेजारी ठेवली. निम्मी कडी नाहीशी झाली. हिरड्याचं राहिलं, आणि चांगलं ठसठशीत राहिलं. कुड्याचं स्टॅफिलोकॉकसवर बारीक राहिलं, ई. कोलायवर जवळजवळ पुसलं गेलं. कडुनिंबाच्या पाल्याच्या साध्या काढ्याभोवती तर काहीच नव्हतं. त्याचं मला फार वाईट वाटलं. आमच्या घरी देवी-गोवर आले की उंबऱ्यावर निंबाचा डहाळा लागायचा, आणि माझ्या बशीत त्या पाल्याला कडं नव्हतं.

कारण नंतर उमजलं. निंबातली बरीचशी कडू द्रव्यं पाण्यात नीट उतरत नाहीत, ती तेलात असतात. १९४२ साली सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी निंबिन हे द्रव्य वेगळं काढलं ते निंबोळीच्या तेलातूनच. आजींकडेही निंबाचा पाला विकायला नसतो, निंबोळीचं आणि करंजीचं तेल असतं. ई. कोलायच्या जातीच्या जंतूंना बाहेरून आणखी एक स्निग्ध पडदा असतो, वर आत शिरलेलं द्रव्य बाहेर फेकणारे पंप असतात. म्हणून बऱ्याचशा वनस्पतींचा जोर गळवाच्या जंतूवर दिसतो आणि पोटातल्या जंतूपुढे ओसरतो.

दुकानाबद्दल लिहिताना हे सगळं का सांगते आहे? कारण ‘अमुक पाल्यात जंतुनाशक गुण सिद्ध झाला’ असं मोबाइलवर रोज फिरतं, आणि त्यातलं बहुतेक या काचेच्या बशीतलं असतं. चांगलं प्रतिजैविक जंतूला एका मिलिलिटरमध्ये काही थोड्या मायक्रोग्रॅममध्ये रोखतं. वनस्पतीतल्या एकेकट्या द्रव्याला त्याच कामाला साधारणपणे शंभर ते हजार मायक्रोग्रॅम लागतात. तेवढं द्रव्य काढा पिऊन रक्तात पोचत नाही. तोंड, घसा, कातडी, जखमेची कड, आतड्याची आतली बाजू, म्हणजे औषध सरळ जिथे टेकतं तिथेच या वस्तूंकडून काही आशा धरावी. आजींच्या पोत्यावरच्या कामाच्या वस्तू बहुतेक अशाच जागांच्या आहेत, हे मला सहा वर्षांत हळूहळू लक्षात आलं.

मग एवढ्या कमजोर द्रव्यांवर झाड स्वतः कसं तगतं? याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर २००० साली अमेरिकेत मिळालं. तिथल्या दारुहळदीच्या भाऊबंदांत बर्बेरीन नावाचं पिवळं द्रव्य असतं. ते स्टॅफिलोकॉकसमध्ये शिरतं आणि जंतूचा पंप ते लगेच बाहेर फेकतो. संशोधकांना त्याच झाडात आणखी एक द्रव्य सापडलं. ते एकटं जंतूला काहीच करत नाही, पण पंपाचं तोंड बंद करतं, आणि मग बर्बेरीन आत टिकून काम करतं. झाड दोन्ही बनवतं. आपण एकच वेगळं काढून तपासतो आणि ते कमजोर म्हणून सोडून देतो. कोनेसीनही प्रयोगशाळेत असाच जंतूंचा पंप अडवताना दिसलं आहे. अख्ख्या सालीच्या काढ्याला मी म्हणूनच मोडीत काढत नाही, आणि केवळ त्या बळावर कुणाला पाजतही नाही.

बर्बेरीन आपल्या रस्त्याकडेच्या पिवळ्या धोत्र्याच्या चिकातही आहे. पोरं तो चीक खरजेवर लावतात. पण त्याच झुडपाच्या बियांत सँग्विनारीन हे विषारी द्रव्य आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांचं तेल मिसळलं गेलं. हजारो लोक सुजून आजारी पडले, साठाहून जास्त गेले. मी आजींना विचारलं होतं, पिवळा धोत्रा का नाही ठेवत? “त्याची बी मोहरीसारखी दिसते. घरात लेकरंबाळं रायतेत.”

हिरडा हा या दुकानातला माझ्या मते सगळ्यात चांगला माल. आजी हिरडे मोजून देतात आणि देण्याआधी पितळी लोट्यातल्या पाण्यात टाकतात. बुडाला तो चांगला, तरंगला तो किडका किंवा पोकळ. तो काढून त्या मागच्या टोपलीत फेकतात. पहिल्यांदा मी एक तरंगलेला हिरडा मागून घेतला आणि फोडला. आत भुगा आणि अळीनं पाडलेलं भोक. बुडालेला फोडला तर पिवळसर-तपकिरी घट्ट गर बीला धरून बसलेला, नखानंही निघत नव्हता. त्याचा कण जिभेवर ठेवला की गालाच्या आतली कातडी आक्रसते. हे टॅनिन. वाळलेल्या फळात ते तीस टक्क्यांच्या आसपास असतं, चेब्युलॅजिक आणि चेब्युलिनिक आम्लं त्यातलीच, शिवाय गॅलिक आम्ल. टॅनिन प्रथिनांना धरून बसतं. चामडं कमावताना होतं तेच इथे लहान प्रमाणात होतं: दातांच्या हिरड्यांची सूज आवळते, जंतूच्या अंगावरची प्रथिनं बांधली जातात. दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सवर हिरड्याच्या पाण्याचे प्रयोग आपल्याकडेच झाले आहेत. आमच्या घरी तोंड आलं, हिरडी सुजली की हिरडा उकळून कोमट पाण्याच्या गुळण्या. सासूबाईंना याचा इतका आराम पडतो की डबा रिकामा झाला की त्याच मला धानोऱ्याची आठवण करून देतात. एक तक्रार मात्र आहे: दात थोडे पिवळे पडतात.

तरोट्याची भाजी आमच्याकडे पहिल्या पावसात सगळेच खातात. त्याच्या बियांत क्रायसोफॅनॉल आणि इमोडिन असतं, गजकर्णाच्या बुरशीवर लागणारं. आजी बिया आंबट ताकात वाटून लावायला सांगतात. लहान, नव्या चट्ट्याला मी ते करून पाहिलं आहे. पण आता गावोगावी गजकर्ण पसरलंय ते स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी. चार दिवस खाज थांबते आणि चट्टा आतल्या आत पसरतो. तसं मलम लावून झालेला रुग्ण तरोट्याच्या बियांनी बरा होणार नाही, त्यानं कातडीच्या डॉक्टरकडेच जावं.

गुळवेल ताजी, रसरशीत मिळते. खरवडली की आत हिरवी, आडवी कापली की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. पण गुळवेल मी जंतूंसाठी घेत नाही, आणि आता रोज पिण्यासाठीही घेत नाही. कोरोनाच्या काळात घरोघरी तिचा काढा सुरू होता. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक वेल आहे, तिच्या खोडावर फोडांसारखे उंचवटे असतात; ती चुकून घेतली जाते, असाही मुद्दा निघाला. मी पाच कांड्या आणल्या त्यातल्या तीन अंगणातल्या निंबाखाली लावल्या आहेत. तिघींनाही पानं फुटली.

आता या दुकानाची चूक, आणि ती मी हलक्यानं घेणार नाही.

दोन वर्षांपूर्वी घरी हिरड्याची पन्नी ओतली आणि हिरडे धुवायला घेतले. त्यात एक काळी, चपटी, टोपीसारखी बी हाताला लागली. ओळखेपर्यंत मी ती बोटांत दाबली होती. बिबा. संध्याकाळपर्यंत बोटांची टोकं लाल झाली, दुसऱ्या दिवशी पाण्यानं भरलेले फोड. आठ दिवस खडू धरता आला नाही. बिब्याच्या टरफलातलं काळं तेल म्हणजे भिलावनॉल जातीची द्रव्यं, काजूच्या टरफलातल्या दाहक तेलाची भावंडं. परीट कपड्यांवर खुणा करायला हेच वापरायचे, कारण डाग कधी जात नाही. जंतूंवर त्याचा परिणाम होतो, यात शंका नाही. कातडी जिथे भाजते तिथे जंतूही भाजतात. माझे बाबा भेगाळलेल्या टाचेला तापवलेला बिबा लावायचे. एकदा तो थेंब पोटरीवर ओघळला, त्याचा काळा पट्टा त्यांच्या पायावर शेवटपर्यंत होता.

पुढच्या बाजारी मी आजींना बोटं दाखवली. त्या बराच वेळ माझा हात हातात धरून बसल्या. त्या दिवसापासून बिबा पत्र्याच्या डब्यात आहे, झाकण लावून. पण डबा अजून हिरड्याच्या टोपलीला चिकटूनच असतो आणि नातू मदतीला बसला की त्याच हातानं दोन्ही मोजतो. बिबा तिथून घेऊ नका. बावचीही घेऊ नका. पांढऱ्या डागांवर बावची मागणारे पुष्कळ येतात. तिच्यात सोरॅलेन आहे, लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते. डॉक्टर हेच द्रव्य वापरतात तेव्हा उजेडाचं माप ठरवून वापरतात. धानोऱ्याच्या उन्हाला माप नाही.

दुसरी तक्रार पावसाळ्याची. भादव्यात सगळंच ओलसर असतं. एकदा गुळवेलीच्या कांड्यांना पन्नीत घाम सुटून पांढरी बुरशी आली होती, हिरड्यांच्या देठाशीही तेच. बुरशी झाडून वापरायची वस्तू ही नव्हे. वाळल्या मालावरच्या काही बुरश्या यकृताला घातक विष सोडतात. मी बहुतेक खरेदी दिवाळी ते होळी एवढ्यातच करते आणि वर्षाचं ठेवते. कापडी पिशवी घरून न्यावी.

कंबरमोडी आजी विकत नाहीत. “ते तुह्या धुऱ्यावर आहे, पैसे कायले देते?” म्हणतात. एकदांडी, दगडी पाला ही तिचीच नावं. आली ती उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतून, आणि आता आपल्या धुऱ्याधुऱ्यावर आहे. पाला चोळून रस पिळला की किरकोळ कापल्याचं रक्त थांबतं, हे मी लहानपणापासून पाहते आहे. पण याच पाल्यामुळे माझ्या धाकट्या भावाचा हात जायची वेळ आली होती. धानकापणीत विळा अंगठ्याच्या मुळाशी खोल गेला. त्यानं कंबरमोडी भरली, फडकं बांधलं आणि तीन दिवस कापणी केली. रक्त थांबलं होतं, म्हणून सगळे निर्धास्त होते. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, काखेत गाठ आली, ताप चढला. दवाखान्यात चिरा देऊन पू काढला, प्रतिजैविकं दिली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. हात वाचला. अंगठा आजही पूर्ण वाकत नाही, आणि धानाची पेंडी बांधताना तो दुसऱ्या हाताची मदत घेतो. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो आणि हवा नसलेल्या खोल जागीच वाढतो. वरून पिळलेला रस तिथवर जात नाही; पाल्याबरोबर माती मात्र आत जाते.

हे मी आजींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “पाला रगत थांबवते. आतली घान नाही काढत. खोल लागलं तं माह्याकडं येऊच नोको.”

त्या साल कशी काढतात हे एकदा त्यांच्यासोबत जाऊन पाहिलं. मनगटाएवढ्या फांदीची एका बाजूची पट्टी, वीतभर लांब, आणि मग दुसरं झाड. भोवताली कधी सोलत नाहीत, कारण अन्नरस सालीतूनच मुळाकडे उतरतो आणि पूर्ण गोल सोललं की झाड उभ्याउभ्या वाळतं. व्यापाऱ्याची मोठी मागणी आली की लोक अख्खं खोड सोलतात. त्या वाटेवर असे वाळके कुडे आम्ही मोजले, अकरा होते. याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांपैकी. रानातलं गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क कायद्यानं दिलाय, हे आजींना नीट माहीत आहे. हिरडा व्यापारी त्यांच्याकडून मातीमोल भावात उचलायचा, म्हणून तर त्या स्वतः बाजारात बसायला लागल्या. मला वाटतं त्यांनी भाव आणखी वाढवावा. पाण्यात बुडवून, एकेक निवडून दिलेल्या हिरड्याला मी दुप्पटही देईन.

पाचपैकी किती द्यायचे तर चार. एक कापते ती बिब्याच्या डब्यासाठी. ज्या दिवशी तो डबा पोत्याच्या दुसऱ्या टोकाला जाईल, त्या दिवशी पूर्ण पाच.

जायचं तर सकाळी दहाच्या आत जावं, दुपारी चांगला माल संपलेला असतो. गडचिरोलीहून एसटीनं सोपं पडतं. सुटे पैसे न्यावेत. कोणासाठी हवंय ते खरं सांगावं, आणि आजी ‘दवाखान्यात जा’ म्हणाल्या तर मुकाट जावं.

शेवटची खेप वैशाखातली. कुड्याचा ढीगच नव्हता, फक्त वीट होती. मी विचारलं तर त्यांनी डोंगराच्या बाजूला हनुवटी केली. “फुलावर आला. फुलावरच्या झाडाले चाकू नाही लावत बाई. दिवारी होऊ दे.” त्या दिवशी मी नुसते हिरडे घेतले, चाळीस रुपयांचे. लोट्यात टाकलेल्यांतले तीन तरंगले, ते त्यांनी बदलून दिले.